तीन सुवाहक धातू, एक दुर्वाहक मिश्रधातू

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाचे स्मरण म्हणून आपण २८ फेब्रुवारी हा दिवस साजरा करतो. त्याच १९२८ साली जर्मनीतील लायप्झिग येथे फेलिक्स ब्लॉख नावाच्या एका तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधात एका वरकरणी साध्या प्रश्नाची उकल केली. तांब्याच्या तारेत अणूंची एवढी दाटी असताना इलेक्ट्रॉन तिच्यातून इतक्या सहजपणे कसे वाहतात, हा तो प्रश्न होता. ब्लॉख यांचे उत्तर असे की, धातूतील अणू समान अंतरावर, एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा मांडलेले असतात आणि इलेक्ट्रॉन हा केवळ कण नसून तरंगही आहे. समान अंतरावरील अणूंच्या रांगांतून हा तरंग कोठेही न विखुरता पुढे जाऊ शकतो. रोध उत्पन्न होतो तो या रचनेत खोट आली तर, किंवा उष्णतेमुळे अणू थरथरू लागले तर. म्हणून धातू जितका शुद्ध, जितका निर्दोष आणि जितका थंड, तितका तो वीज अधिक सुलभतेने वाहून नेतो. अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा नियम पाठ केलेला असतो.

आज मी आपणांसमोर अशा एका पदार्थकुलाची ओळख करून देणार आहे, जे या नियमाला तिन्ही अंगांनी छेद देते. अ‍ॅल्युमिनिअम, तांबे आणि लोह हे तिन्ही धातू विजेचे वाहक आहेत. सामान्य तापमानाला तांब्याची रोधकता सुमारे १.७ मायक्रो-ओहम सेंटिमीटर, अ‍ॅल्युमिनिअमची २.७ आणि लोहाची १० च्या आसपास असते. यांतील ६५ अणू अ‍ॅल्युमिनिअमचे, २० तांब्याचे आणि १५ लोहाचे असे प्रमाण घेऊन विशिष्ट रीतीने मिश्रधातू सिद्ध केला, तर अतिशीत तापमानाला त्याची रोधकता कित्येक हजार मायक्रो-ओहम सेंटिमीटर भरते. हा मिश्रधातू तापवला की त्याचा रोध वाढण्याऐवजी घटतो. आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही की, भट्टीत दीर्घकाळ ठेवून त्यातील दोष जसजसे दूर करावेत, तसतसा त्याचा रोध वाढत जातो. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी १९९१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा धातुभौतिकीच्या क्षेत्रात मोठे कुतूहल निर्माण झाले. तीन सुवाहकांच्या संगतीतून हा दुर्वाहक कसा जन्मला, आणि व्यवस्था वाढली की वहन का खुंटते, हे समजून घेणे हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

फरशीचे गणित

या पदार्थाला इंग्रजीत क्वासिक्रिस्टल म्हणतात. आपण त्याला ‘स्फटिककल्प’ म्हणू. ‘ऋषिकल्प’ या शब्दातील ‘कल्प’ हा प्रत्यय ‘जवळजवळ तसाच’ हा अर्थ देतो. तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

घरातील फरशी डोळ्यांपुढे आणावी. चौरस, त्रिकोणी किंवा षट्कोनी फरश्यांनी सारी जमीन फट न ठेवता झाकता येते. केवळ नियमित पंचकोनी फरश्या घेतल्या, तर कोठे ना कोठे फट राहतेच. अणूंच्या मांडणीलाही हेच गणित लागू होते. ज्या रचनेत एकच नमुना समान अंतराने पुन्हा पुन्हा येतो, तिच्यात दोन, तीन, चार किंवा सहा पदरी सममिती संभवते. पाच पदरी किंवा दहा पदरी सममिती संभवत नाही. स्फटिकशास्त्राचा हा पायाभूत सिद्धांत. तो गणिती सिद्धांत असल्याने आजही तितकाच अबाधित आहे.

८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, तेथील राष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रयोगशाळेत, डॅन शेख्टमन हे इस्रायली संशोधक अ‍ॅल्युमिनिअम व मँगनीज यांच्या मिश्रधातूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करीत होते. हा मिश्रधातू वितळलेल्या अवस्थेतून अत्यंत वेगाने थंड केलेला होता. त्याच्या विवर्तन चित्रात रेखीव, तेजस्वी ठिपके उमटले आणि ते मध्याभोवती दहाच्या वर्तुळांत बसलेले होते. ठिपके रेखीव असणे हे सुव्यवस्थेचे लक्षण. दहाची सममिती मात्र पुनरावृत्तीशी विसंगत. शेख्टमन यांनी आपल्या टिपणवहीत ‘दहा पदरी’ असे लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हे काढली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सहकाऱ्यांनी त्यांच्या हाती स्फटिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक दिले आणि गटप्रमुखांनी त्यांना गट सोडण्यास सांगितले. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यास १२ नोव्हेंबर १९८४ उजाडला. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी असलेले महान रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी तर हा केवळ जोडस्फटिकांचा भास आहे, अशी भूमिका घेतली आणि १९९४ मध्ये निधन होईपर्यंत ती सोडली नाही. अखेरीस आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्याच बदलली आणि २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या शेख्टमन यांना प्रदान झाले.

लघू आणि गुरू

मग पुनरावृत्तीवाचून सुव्यवस्था असते तरी कशी? आपल्या छंदशास्त्राच्या भाषेत ती फार सुबोध होते. एक गुरू घ्या. नियम दोनच. प्रत्येक पायरीला गुरूच्या जागी ‘गुरू-लघू’ लिहायचे आणि लघूच्या जागी ‘गुरू’. पहिली पायरी ‘ग’. दुसरी ‘गल’. तिसरी ‘गलग’. चौथी ‘गलगगल’. पाचवी ‘गलगगलगलग’. असे कितीही पुढे जावे. या ओळीत दोन लघू कधी शेजारी येत नाहीत, तीन गुरू कधी सलग येत नाहीत, हजाराव्या स्थानी काय येईल हे आधीच निश्चित असते. आणि तरीही ही ओळ एखाद्या ठरावीक तुकड्याच्या आवर्तनाने बनलेली नसते. नियम पूर्ण आहे, आवर्तन नाही.

प्रत्येक पायरीवरील अक्षरांची संख्या मोजली, तर १, २, ३, ५, ८, १३ अशी श्रेणी मिळते. मात्रावृत्तांचे किती प्रकार संभवतात याची मोजणी करताना बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी हीच श्रेणी सांगितली होती. युरोपात फिबोनाची यांचा ग्रंथ १२०२ साली आला. हेमचंद्रांचे हे श्रेय निर्विवाद आहे आणि ते छंदशास्त्रातील आहे. त्यावरून त्यांना मिश्रधातूंचे ज्ञान होते असे म्हणू लागलो, तर त्यांच्या खऱ्या कर्तृत्वालाच आपण उणेपणा आणू. एकच श्रेणी काव्याच्या मात्रांत आणि अणूंच्या अंतरांत आढळावी, हेच पुरेसे विस्मयकारक आहे.

गुरू म्हणजे दोन अणुस्तरांमधील लांब अंतर आणि लघू म्हणजे आखूड अंतर, अशी कल्पना केली की एका दिशेतील स्फटिककल्प तयार होतो. दोन दिशांत असा नमुना ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९७४ साली दोन आकारांच्या फरश्यांनी मांडून दाखवला होता. शेख्टमन यांच्या मिश्रधातूत तो तिन्ही दिशांत, वीस त्रिकोणी पृष्ठांच्या विंशतिफलकाच्या सममितीने, निसर्गतः सिद्ध झालेला होता.

पितळेपासून मिळालेले सूत्र

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अणू असे का बसतात? त्यांना कोणी नियम शिकवला? याचे उत्तर इलेक्ट्रॉनांत आहे आणि त्याचा धागा आपल्या घरातील पितळेच्या भांड्यापर्यंत मागे जातो.

विल्यम ह्यूम-रॉदरी हे इंग्लंडमधील सैनिकी विद्यालयात शिकत असताना मेंदूज्वराने त्यांची श्रवणशक्ती कायमची गेली. सैन्यातील भवितव्य संपले. त्यांनी ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्र आणि पुढे धातुशास्त्र यांना वाहून घेतले. १९२६ साली त्यांनी एक सोपा हिशेब मांडला. तांब्याचा अणू मिश्रधातूला एक मोकळा इलेक्ट्रॉन देतो, जस्ताचा अणू दोन. तांब्यात जस्त वाढवत नेले की दर अणूमागे इलेक्ट्रॉनांची सरासरी वाढत जाते. ती दीड झाली की पितळेची एक रचना दिसते. तेरा अणूंमागे एकवीस इलेक्ट्रॉन झाले, म्हणजे पाच अणू तांब्याचे व आठ जस्ताचे असले, की निराळीच, अधिक गुंतागुंतीची रचना अवतरते. तांबे-जस्ताऐवजी दुसऱ्या धातूंच्या जोड्या घेतल्या, तरी पुष्कळदा हाच हिशेब जुळतो. रचना ठरते ती घटक कोणते यापेक्षा इलेक्ट्रॉन किती यावर.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी नाट्यगृहाची उपमा घेऊ. इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या पायऱ्यांवर जागा मिळतात. खालच्या रांगा आधी भरतात, मग वरच्या. शेवटची भरलेली रांग ती फर्मी पातळी. खालच्या रांगांतील प्रेक्षकांना हलायला वाव नसतो, कारण पुढे-मागे सर्व खुर्च्या भरलेल्या असतात. ये-जा करू शकतात ते केवळ शेवटच्या रांगेच्या आसपासचे. वीज वाहते ती या काठावरच्या इलेक्ट्रॉनांमुळे.

दुसरी गोष्ट अशी की, इलेक्ट्रॉनाच्या तरंगाची लांबी अणूंच्या स्तरांमधील अंतराशी विशिष्ट प्रमाणात जुळली, तर तो तरंग त्या स्तरांवरून परावर्तित होतो. पुढे जाण्याऐवजी तो जागच्या जागी डोलू लागतो. अशा तरंगांच्या बाबतीत ऊर्जेच्या पायऱ्यांची फेरमांडणी होते. काही जागा खाली सरकतात, काही वर जातात आणि मध्ये खुर्च्यांची विरळ रांग उरते. ही विरळ रांग नेमकी फर्मी पातळीवर आली, तर तिच्या खालचे इलेक्ट्रॉन अधिक खालच्या, अधिक स्थिर जागी बसतात. एकूण ऊर्जा कमी होते आणि ज्या रचनेमुळे हे साधले ती रचना टिकून राहते.

नेहमीच्या धातूत हे परावर्तन मोजक्या दिशांनाच घडते, कारण त्याची सममिती कमी असते. सर्व दिशांना सारख्या वेगाने धावू पाहणारे इलेक्ट्रॉन गणितात एका गोलाने दाखवतात. घनाकृती पेटीत चेंडू ठेवला तर तो सहाच ठिकाणी टेकतो. स्फटिककल्पाची सममिती इतकी समृद्ध आहे की, अ‍ॅल्युमिनिअम-तांबे-लोहाच्या बाबतीत परावर्तन करणाऱ्या मुख्य पृष्ठांची संख्या ४२ भरते. १२ पाच पदरी दिशांची आणि ३० द्विपदरी दिशांची. ही पेटी जवळजवळ गोलच. चेंडू तिच्यात सर्व बाजूंनी एकाच वेळी टेकतो. म्हणून फर्मी पातळीवरील विरळता येथे फार खोल होते. इंग्रजीत तिला स्यूडोगॅप म्हणतात. ती पूर्ण खिंड नव्हे, अर्धवट बुजलेली खिंड आहे. अ‍ॅल्युमिनिअमच्या अणूंचे इलेक्ट्रॉन आणि लोहाचे आतल्या कक्षांतील इलेक्ट्रॉन यांची गुंफण झाल्याने ती आणखी खोल जाते. अतिशीत तापमानाला उष्माधारकता मोजून आणि प्रकाशाच्या आघाताने इलेक्ट्रॉन बाहेर काढून या विरळतेची प्रत्यक्ष खातरजमा झालेली आहे.

आजच्या विवेचनाचे मर्म येथे आहे. ज्या कारणाने ही रचना टिकते, त्याच कारणाने ती वीज अडवते. फर्मी पातळीवरील जागा रिकाम्या झाल्या म्हणून अणूंना ही विलक्षण मांडणी लाभदायक ठरली आणि त्याच जागा रिकाम्या झाल्या म्हणून वहनासाठी इलेक्ट्रॉन उरले नाहीत. स्थैर्य आणि दुर्वहन ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

पॉलिंग यांचाच आकडा

शेख्टमन यांचा मिश्रधातू नाजूक होता. तापवला की त्याचे साध्या स्फटिकांत रूपांतर होई. त्यामुळे ही अवस्था केवळ घाईने थंड केल्याचा परिणाम असावी, असे म्हणण्यास जागा होती. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात आन-पांग त्साई आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अ‍ॅल्युमिनिअम-तांबे-लोहाचा स्थिर स्फटिककल्प सिद्ध केला आणि ही शंका मिटली. तो सावकाश थंड केला तरी टिकतो. वास्तविक ब्रॅडली आणि गोल्डश्मिट यांनी १९३९ मध्येच या तीन धातूंच्या अभ्यासात एका अनोळखी अवस्थेची नोंद केली होती. तिची रचना मात्र उलगडली नव्हती. जवळजवळ अर्धशतक ती तक्त्यात नुसत्या एका ग्रीक अक्षराच्या रूपाने पडून होती.

आता ह्यूम-रॉदरी यांचा हिशेब या मिश्रधातूला लावून पाहू. अ‍ॅल्युमिनिअम तीन इलेक्ट्रॉन देतो, तांबे एक देतो. लोह मात्र अ‍ॅल्युमिनिअमच्या सहवासात इलेक्ट्रॉन घेतो असे मानून त्याला उणे २.६६ असा आकडा देत. शंभर अणूंचा जमाखर्च असा : अ‍ॅल्युमिनिअमचे १९५ जमा, तांब्याचे २० जमा, लोहाचे सुमारे ४० वजा. शिल्लक १७५. म्हणजे दर अणूमागे १.७५. पुढे त्साई यांच्या गटाने १.७५ हाच आकडा समोर ठेवून नव्या धातूंची प्रमाणे निवडली आणि अ‍ॅल्युमिनिअम-पॅलाडिअम-मँगनीज यांसारखे स्थिर स्फटिककल्प हाती आले. इलेक्ट्रॉनांची मोजणी ही पाककृतीसारखी उपयोगी पडली.

हा उणे २.६६ आकडा आला कोठून? लायनस पॉलिंग यांनी १९३८ साली मांडलेल्या धातूंच्या सिद्धांतातून. ज्या पदार्थांचे अस्तित्व त्यांनी अखेरपर्यंत नाकारले, त्यांचा शोध घेण्याची किल्ली त्यांच्याच कार्यात दडलेली होती. नंतरच्या संगणकीय हिशेबांनी या उणे आकड्यात दुरुस्त्या सुचवल्या आहेत. तो सोयीची मांडणी होती हे आता स्पष्ट झाले आहे. तथापि त्या मांडणीने मार्ग दाखवला, हे ऐतिहासिक सत्य आहे. थोर व्यक्तीचे मत चुकू शकते आणि तिचे कार्य तरीही फलद्रूप होत राहते. म्हणून व्यक्तीविषयी आदर बाळगावा आणि मताची मात्र परीक्षा करावी, हा विवेक विज्ञान आपल्याला शिकवते.

ना मुक्त, ना बद्ध

फर्मी पातळीवरील विरळता एवढ्याने सारे कोडे सुटत नाही. दोष कमी केले की रोध का वाढतो, याचे कारण इलेक्ट्रॉन तरंगाच्या स्वरूपात आहे. निर्दोष स्फटिकात तो सर्वत्र सारखा पसरतो. अव्यवस्थित पदार्थात तो एखाद्या कोपऱ्यात अडकून पडू शकतो. स्फटिककल्पात तिसरीच गोष्ट घडते. पेनरोज यांच्या नमुन्याविषयी जॉन कॉनवे या गणितज्ञाने दाखवून दिले आहे की, त्यातील कोणताही तुकडा घेतला तरी त्याच्या आकाराच्या दुपटीइतक्या अंतरात हुबेहूब तसाच तुकडा पुन्हा भेटतो. म्हणजे परिसर ओळखीचा वाटतो, पण तो ठरावीक अंतराने येत नाही. इलेक्ट्रॉनाचा तरंग एका परिसरात रमतो, तसाच दुसरा परिसर जवळपास असल्याने तिकडे थोडा झिरपतो, तेथून आणखी पुढे. तो पूर्ण मुक्त नसतो आणि पूर्ण बद्धही नसतो. भौतिकीत या अवस्थांना क्रांतिक अवस्था म्हणतात.

हा झिरपणारा तरंग स्वतःच्याच परावर्तनांच्या सूक्ष्म जाळ्यात गुरफटलेला असतो. अणू थरथरू लागले किंवा रचनेत एखादा दोष आला की जाळे सैल होते आणि इलेक्ट्रॉनाला पुढची वाट सापडते. म्हणून तापमान वाढले की रोध घटतो. अ‍ॅल्युमिनिअम-तांबे-लोहाच्या चांगल्या नमुन्यात तो अतिशीत अवस्थेपासून सामान्य तापमानापर्यंत निम्म्याच्या आसपास येतो. म्हणूनच दोष काढून टाकले की रोध वाढतो. सामान्य धातूत दोष ही वाटेतली धोंड असते. येथे तोच दोष बंद दाराला पडलेली फट ठरतो.

वाराणसी ते नागोया

या कथेत भारताचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. टी. आर. अनंतरामन यांच्या पुढाकाराने, वितळलेला धातू सेकंदाला सुमारे दहा लक्ष अंश इतक्या वेगाने थंड करण्याच्या तंत्रावर कितीतरी आधीपासून काम चालू होते. त्या काळी त्याचा तात्काळ उपयोग कोणाला विचारला असता, तर समाधानकारक उत्तर देणे कठीण गेले असते. १९८४ च्या अखेरीस शेख्टमन यांचा निबंध आला, तेव्हा उपकरणे सज्ज होती आणि हात सरावलेले होते. १९८५ मध्येच तेथील पी. रामचंद्रराव आणि जी. व्ही. एस. शास्त्री यांनी मॅग्नेशिअम, जस्त व अ‍ॅल्युमिनिअम यांचा स्फटिककल्प सिद्ध करून ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कोणता मिश्रधातू घ्यावा हे त्यांनी अंदाजाने ठरवले नाही. ज्या नेहमीच्या स्फटिकात अणूंचे विंशतिफलकी समूह आधीच विद्यमान आहेत, तो वेगाने थंड केला तर स्फटिककल्प मिळावा, असा त्यांचा तर्क होता. त्या स्फटिकाची रचना १९५७ साली सविस्तर उलगडणाऱ्या तिघांत लायनस पॉलिंग हे एक होते. त्याच १९८५ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. चट्टोपाध्याय, एस. रंगनाथन आणि सहकाऱ्यांना अ‍ॅल्युमिनिअम-मँगनीजमध्ये निराळ्या जातीचा, दशकोनी स्फटिककल्प आढळला. अमेरिकेत बेंडरस्की यांनीही स्वतंत्रपणे तो ओळखला.

वाराणसीच्या मिश्रधातूची पुढील कथा इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. अतिवाहकता, म्हणजे रोध पूर्णपणे नाहीसा होणे, ही घटना दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडीमुळे घडते. नेहमीच्या स्फटिकात परस्परविरुद्ध गतीचे इलेक्ट्रॉन जोडी जमवतात. स्फटिककल्पात मात्र इलेक्ट्रॉनाची गती त्या अर्थाने निश्चितच नसते. मग जोडी जमणार कशी? हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. २०१८ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी अ‍ॅल्युमिनिअम, जस्त व मॅग्नेशिअम याच कुलातील स्फटिककल्प सुमारे ०.०५ केल्व्हिन तापमानाला, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या विसाव्या भागावर, अतिवाहक होतो हे दाखवून दिले. जे द्रव्य वीज अडवण्यासाठी ख्यात, त्याच्याच एका भावंडात ती निर्वेध वाहिली. व्यवस्थेला आवर्तन नसले, तरी इलेक्ट्रॉन एकमेकांचा हात धरू शकतात.

विषय अजून वाढतोच आहे. २००९ साली इटलीतील एका संग्रहालयाच्या खनिजनमुन्यात त्साई यांच्याच तीन धातूंचा नैसर्गिक स्फटिककल्प आढळला आणि त्याचे मूळ रशियाच्या अतिपूर्वेकडील एका अशनीत असल्याचे पुढे निष्पन्न झाले. २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी इलेक्ट्रॉनांच्या संगणकीय गणिताने स्कँडिअम-जस्त आणि यटर्बिअम-कॅडमिअम यांच्या स्फटिककल्पांचा ताळेबंद मांडला आणि ते ऊर्जेच्या दृष्टीनेच स्थिर आहेत, असा निष्कर्ष काढला. नमुना कोठेही आवर्तत नसल्याने असे गणित आजवर फार अवघड मानले जात होते.

याचा उपयोग काय, असा प्रश्न येथे येणे स्वाभाविक आहे. या पदार्थांचे पृष्ठ कठीण असते, त्यांना इतर द्रव्ये सहजी चिकटत नाहीत आणि धातू असूनही ते उष्णता फारशी वाहू देत नाहीत. फ्रान्समध्ये त्यांचा लेप दिलेली स्वयंपाकाची भांडी निघाली, पण बाजारात ती टिकली नाहीत. पोलादात स्फटिककल्पाचे सूक्ष्म कण पेरून बनवलेला मजबूत मिश्रधातू शस्त्रक्रियेच्या सुया आणि दाढीची पाती यांसाठी वापरला गेला. एवढी फलश्रुती सांगून मी थांबू शकतो. परंतु या विषयाचे मोल तेवढ्यावर मोजू नये, अशी माझी नम्र विनंती आहे. वाराणसीतील प्रयोगशाळेने ‘उपयोग काय’ या प्रश्नापाशी अडून उपकरणे बंद केली असती, तर १९८५ साली आपल्या देशाचे नाव या शोधमालिकेत आले नसते. ज्ञानाची संधी दार ठोठावते तेव्हा घरात कोणीतरी जागे असावे लागते आणि ते जागरण वर्षानुवर्षांच्या निष्ठेतून येते.

सभागृहात आज शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि त्यांचे पालक मोठ्या संख्येने उपस्थित आहेत. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर न आलेला आकडा खोडून शेजारच्याचा आकडा उतरवण्याची सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे. गुण मिळावेत म्हणून पालकही त्याकडे काणाडोळा करतात. शेख्टमन यांनी तीन प्रश्नचिन्हे काढून तो ठिपक्यांचा नमुना जपून ठेवला. १९३९ च्या तक्त्यात एका अनाम अवस्थेची प्रामाणिक नोंद झाली, म्हणून ती ४८ वर्षांनी ओळखता आली. न जुळणारे निरीक्षण जसेच्या तसे लिहून ठेवणे, एवढा एक संस्कार आपण घरात आणि शाळेत रुजवू शकलो, तर विज्ञान दिन साजरा केल्याचे सार्थक होईल.